डाव्या डोळ्यानं

नंदोरीच्या शाळेमागं सिमेंटचं खळं आहे.
हरभरा अजून शेतात, म्हणून पौषात ते माझं.
खडूनं दोन रेघा ओढल्या:
उभी तेजाची, आडवी तापमानाची,
तापलेले डावीकडं, निवत आलेले उजवीकडं.
"उलटं काहून जी मॅडम?" पोर्णिमा कोडापे विचारते.
ज्यानं आधी काढलं त्यानं तसं काढलं, मी सांगते,
आणि हे उत्तर मलाच पुरत नाही.

दाणे वाटले. पिवळ्याला चण्याची डाळ, तांबड्याला तूर,
पांढऱ्याला ज्वारी. निळ्याला धान्य नाही,
म्हणून कुणाच्या तरी शर्टाचं बटण.
वरून खाली तिरकी रांग भरत गेली
गावजेवणाच्या पंगतीसारखी, मध्ये जरा वाकडी.
आपला सूर्यही त्यातच बसलेला,
वाढप्याची वाट बघत.

मग तुरीचे दोन दाणे उरले.
दोघांचा रंग एक, आच एक,
अंतराचा हिशेब वजा करूनही
एक मिणमिणता, दुसरा लाखो पट उजळ.
कसं? थंडीत कोणी बोलेना.
पोर्णिमा नाक पुसत म्हणाली,
"निखारा थोच, पण तेरवीची चूल मोठी ऱ्हायते नं."
पुस्तकात याला अर्धं पान लागलंय.

बाबा कुंपणाशी खुर्चीवर, कान बांधून.
भद्रावतीला चिनीमातीच्या भट्टीवर बत्तीस वर्षं
झरोक्याला डोळा लावून बसलेले दौलत पाझारे.
रंग बघून सांगायचे, अजून दोन घमेली कोळसा.
किंवा, बस.
आत मातीचा शंकू ठेवलेला असे,
तो वाकला की भट्टी पिकली.
बाबा शंकूकडं बघत नसत.

"तिफणीच्या खालचा पाहा," मी म्हटलं. "राजन्य. निळा."
"निळा कुठचा, तुपावानी हाय."
मग त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला.
डाव्यातला मोतीबिंदू दिवाळीनंतर सेवाग्रामला काढलेला.
"हाय," म्हणाले. "निळा हाय."
हात बदलला. तूप.
हात बदलला. निळा.
पोरं हसली, त्यांनीही करून बघितलं,
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकच तारा येत होता.

बाबा हसले नाहीत. बऱ्याच वेळानं, वर बघतच:
"शेवटल्या साली बरण्या बसल्या होत्या. आठवते?"
आठवतं. गळे खांद्यात गेलेल्या,
एकमेकींना चिकटलेल्या.
एक अजून अंगणात आहे, कोंबड्या पाणी पितात.
"पोट्टं सांगे, काका, शंकू वाकला.
मी म्हटलं शंकूच खोटा. आच पिवळीच हाय, टाक."

पोट्टं म्हणजे सुखदेव मांढरे.
कोळसा जास्त टाकला म्हणून कामावरून काढलेला.
कागदावर साक्षीला बाबांची सही.

चंद्रपूरच्या अंगाला वीज केंद्राचा उजेड,
तिकडचे तारे कधी मोजताच येत नाहीत.
मी दाणे गोळा करायला वाकले.
"माजरीले ऱ्हायते म्हणे थो," बाबा म्हणाले.
"सकाळची गाडी किती वाजता हाय?"

"मॅडम, हे कुठं ठेवू?"
पोर्णिमाच्या तळहातावर निळं बटण.
डावीकडं, मी म्हटलं. पार वर.
तिनं एकदा बाबांकडं पाहिलं
आणि मग ठेवलं.