वर, खाली

सावळजच्या नाक्यावर शेतीऔषधांच्या दुकानात
काउंटरच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली
एक दोनशेपानी वही आहे.
डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तर.
उत्तरं गुरुवारी,
तासगावहून ढोबळे सर येतात तेव्हा.
बाकीचे सहा दिवस वही माझ्या राखणीला.

"द्राक्ष गेलं. काय मारू? अर्जंट."
खाली तीन रेघा, कागद फाटेस्तोवर.
सरांनी समोर लिहिलं : कुणाचं? कुठलं? कधीपासून?
त्या तीन रेघांच्या शाईत
छाटणीची तारीख सहज मावली असती.

नर्मदा कोष्टींचं बघा :
"माणिक चमन. छाटून एकेचाळीस दिवस. परवा धुकं.
विहिरीकडच्या चार ओळींतच आहे.
आधी काय काय मारलं ते मागच्या पानावर, हसू नका."
सर हसले नाहीत.
उत्तर दीड ओळीचं.

मी लोकांचं मराठी सुधारायचे.
एकदा "वेल रुसलीय" खोडून
"वाढ खुंटली आहे" केलं.
सर म्हणाले, खुंटलेली वेल वाढत नाही,
रुसलेली वाढते, पण घड धरत नाही.
माणूस नेमकं सांगत होता,
तू त्याला गप्प केलंस.

तेव्हापासून फक्त वेलांट्या. त्याही पेन्सिलीनं.

मग जिनगोंडा मगदूम.
"पानाच्या वर पांढरं, राख पडल्यागत."
सरांनी लिहिलं : भुरी. गंधक.
शनिवारी त्यानं पान उलटं करून बघितलं असावं.
पांढरं होतं ते खाली.
लाज वाटली असेल.
"वर" गिरवून गिरवून त्याचं "खाली" केलं,
सुबक, कुणाच्या ध्यानात येऊ नये इतकं,
आणि गेला.
उत्तर होतं तिथंच उभं,
पायाखालची फळी काढून घेतलेलं.

रविवारी शशिकला हजारे वही चाळत बसल्या.
त्यांचंही पांढरं खालीच.
प्रश्न जुळला. गंधक नेलं.
डावणीला गंधकाचं काय?
ती आपली पसरत राहिली.

गुरुवारी बाई सरांसमोर.
सर स्वतःचं अक्षर वाचत राहिले
परक्याचं वाचावं तसं.
मग पान उजेडाला धरलं.
कागदाच्या पाठीवर
"वर" अजून उमटलेलं होतं.

आता पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय :
चुकलं तर एक रेघ. एकच.
आतलं वाचता आलं पाहिजे.
नवं खाली लिहा, तारीख घाला.

जिनगोंडानं ते दोनदा वाचलं.
वही ओढली, त्याच पानाच्या तळाशी
उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं :
"मी आधी वर लिहिलं होतं. बदल माझा.
सर चुकले नव्हते."
तारीख.

पेन तसंच धरून मला विचारलं,
"हजारे बाईंचं पान कुठलं वो?"

त्यांनी प्रश्न लिहिलाच नव्हता.
मी त्याला एक कोरं पान उघडून दिलं.