फाईल नंबर नऊ

बर्डीच्या आमच्या वाचनालयात
कुमुदिनी निनावे यांची फाईल मी ठेवतो.
एकतीस वर्षं. कात्री, डिंक, तारीख.
बाई जन्मल्या गोळीबार चौकामागे, कोष्ट्यांच्या गल्लीत.
लिहितात इंग्रजीत, राहतात लीड्सला.
लीड्स कुठे, हे मी नकाशात एकदा बघून ठेवलंय.

पहिल्या कादंबरीवर पहिलं कात्रण : 'आश्वासक'.
दुसरीवर : 'पहिलीतलं आश्वासन कुठे गेलं?'
तिसरी एका बक्षिसाच्या यादीत शेवटपर्यंत टिकली,
बक्षीस दुसऱ्याला.
त्या आठवड्यात इथल्या पेपरांनी त्यांना 'नागपूरकन्या' केलं.
पुढल्या आठवड्यात कुणीतरी ती वाचली,
आणि गल्लीची बदनामी झाली म्हणून तांडापेठेत सभा.
सभेचंही कात्रण आहे. फोटोत मागे उभा तो मी.

आणि तो सांभार.
पान चाळीस : आई गच्चीवर सांभार निवडत बसली आहे.
लंडनच्या एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं,
डाळीच्या त्या रश्श्यातून काही निवडू पाहणं,
केवढी ही प्रतिमा, परकेपणाची, अशक्याची.
मी हसलो नाही. पत्र लिहिलं :
महोदय, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.
उत्तर नाही.
पुण्याच्या अनुवादकाने तर
आईच्या हातात पळीच दिली.

चौथीवर दोन कात्रणं. पाचवीवर एक,
तीही जाहिरात, किमतीसकट.
मग सात वर्षं डिंक बाटलीत वाळत राहिला.
मग 'उपेक्षित' हा शब्द आला, सगळीकडून एकदम,
आणि त्यात ते गृहस्थही, आश्वासनाची चौकशी करणारे.

मागच्या मे महिन्यात बाई स्वतः आल्या.
कूलरसमोर बसून चष्मा पुसला.
मी फाईल पुढे केली. वजन बघावं तशी उचलली, ठेवली.
म्हणाल्या, "पुस्तक दाखवा. कुणी घरी नेलेलं."

मराठी प्रत. पान अठ्ठ्याऐंशी, बापाच्या मागाचं वर्णन,
समासात पेन्सिल :
'पाय पयले पडते बाई. धोटा मंग जाते.'

त्यांनी आपलं वाक्य वाचलं, मग पेन्सिल.
टेबलाखाली पाय हलला,
मग उजवा हात, हवेत, थोडासा.
"बरोबर आहे हो."
आणि ऑटोवाल्याने दिलेल्या चिठ्ठीमागे ते उतरवून घेतलं.

नव्या आवृत्तीत पाय आधी पडतो.
दिल्लीच्या एका प्राध्यापकाने त्यावर अकरा पानं लिहिली :
क्रमाची ही उलटापालट, उत्तरकाळातली शैली, काळाचं भान.
चिकटवली. ह्या वेळी पत्र लिहिलं नाही.

त्या पुस्तकाच्या कार्डावर एकच नाव आहे.
सभासद चारशे बारा, दौलत हेडाऊ.
मी जाऊन आलो. घराला कुलूप, शेजारी म्हणाले
माग भंगारात दिला, मुलाकडे गेले, बुटीबोरीला की कुठे.
त्यांचं कार्ड बाद झालंय.
अनामत पन्नास रुपये
अजून आमच्याकडेच जमा आहे.