काटा

मी सातवी पास, म्हणून वही माझ्याकडे.
पहिल्या पानावर बावीस नावं:
कल्लव्वा, नूरजहाँ, सत्यव्वा, बायव्वा हिप्परकर...
पुढं दर सोमवारचे वीस-वीस रुपये,
आणि जिथं रकाना कोरा, तिथं
"नवरा दवाखान्यात", "पोरीची फी",
एकदा नुसतंच "राग".

त्याआधी जतच्या बाजारात
व्यापारी बोकडाची कंबर चाचपायचा,
रुमालाखाली आमच्या माणसांची बोटं दाबायचा.
बोटं दाबली की भाव ठरला.
किती किलो गेलं ते बोकडालाच ठाऊक.

काट्यासाठी अर्ज केले होते. तीन.
एक पंचायत समितीत, एक सांगलीला,
तिसरा कुठं गेला ते शिपायालाही सांगता येईना.
सहा वर्षं, "प्रस्ताव वर पाठवलाय."
वर म्हंजे कुठं, असं बायव्वानं विचारलं
तेव्हा साहेबानं पंख्याकडं बघितलं.

दीड वर्षात आमचे आम्ही घेतला.
मिरजेहून टेम्पोतून आला, पिंजऱ्यासकट.
मांडला पाण्याच्या टाकीखाली.
ही टाकी सरकारनं बांधली,
पाणी तेवढं सोडायचं राहिलं.
सावली मात्र चांगली पडते.

पहिल्यांदा बायव्वाच पिंजऱ्यात शिरली.
अठ्ठेचाळीस किलो. "आता भाव करा," म्हणाली.
मग बोकड. व्यापारी म्हणत होता वीस,
काटा म्हणाला सव्वीस, वर साडेतीनशे ग्रॅम.
व्यापारी चहा अर्धा टाकून उठला.
तीन आठवडे वस्तीवर फिरकला नाही.
सत्यव्वानं रात्रीतनं जुन्याच भावानं पाठ विकली.
तेही मी लिहिलंय. खोडलेलं नाही.
घरात तांदूळ नव्हता, हे शेजारी लिहिलंय.
चौथ्या आठवड्यात तो आला,
काट्याकडं न बघता आकडा ऐकला.

दिवाळीनंतर पाहुण्यांच्या गाडीतून
केनियाची एक बाई आली, अचिएंग.
काट्यापेक्षा जास्त वेळ ती वही बघत बसली.
बरोबरचं पोरगं मराठीत सांगत होतं:
तिच्याकडं मोठ्या तळ्याकाठी
मासळी विकणाऱ्या बायका अशीच भिशी लावतात,
बर्फाची पेटी त्यातनंच घेतली.
आणि तिकडंही फलक आधी येतो, रस्ता मागनं.
"तिकडंबी?" म्हणत कल्लव्वानं
आपल्या खालचं अर्धं पोतं तिच्याकडं सरकवलं.

जाताना तिनं विचारलं,
मग आता सरकार नसलं तरी चालेल का तुम्हाला?

कुणी बोललं नाही.
आदल्याच दिवशी वजनमापाचा माणूस येऊन
काट्याला शिशाचं सील मारून गेला होता.
ते नसतं तर व्यापारी म्हणाला असता, काटा खोटा.
फी आम्हीच भरली, पावती वहीत आहे.
आणि डोक्यावर ती टाकी होतीच.
कल्लव्वा वर बघून म्हणाली,
"ह्यात पानी सोडलं तर नको म्हणू व्हय आमी?"
पोरग्यानं हे कसं सांगितलं कोण जाणे,
ती बाई बराच वेळ हसत होती.

आज चौथा अर्ज लिहिला. पाण्याचा.
खाली बावीस जणींच्या सह्या, नऊ अंगठे त्यात.
सोबत काट्याच्या पावतीची झेरॉक्स जोडली.
बायव्वा म्हणाली, हिचा काय संबंध?
म्हटलं, असू दे.
वर जिथं कुठं जाईल तिथं कळू दे,
आम्ही मोजतो.