चौपट

त्युबोरॉनच्या वाचनालयात,
उत्तर समुद्राकडे पाठ करून,
मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी
बोडिल बाही वर सारून बसली आहे.
परिचारिका सांगते, यंदाची लस चौपट.
"चौपट कशाला? मी तेवढीच आहे की.
उलट दोन इंच कमीच."

परिचारिका म्हणते,
म्हातारपणी रक्तालाही कमी ऐकू येतं.
एका हाकेला ओ देत नाही.

हे बोडिलला पटतं.
एगोन चाळीस वर्षं धुक्याचा भोंगा वाजवायचा.
धुकं दाटलं की जोर वाढवायचा,
तरी एखादी होडी वाळूत रुतायचीच.
वाचल्या किती, ते कुणी मोजलं नाही.
सुखरूप धक्क्याला लागलेली होडी
कधी सांगत नाही, भोंग्यामुळे आले म्हणून.

"म्हणजे ताप येणारच नाही?"
"येईलही. पण इस्पितळाची खाट
टळण्याची शक्यता थोडी जास्त."

थोडी.
बोडिल तो शब्द तोंडात घोळवते,
हेरिंगचा काटा शोधावा तसा, जपून.

एगोनला मागच्या वर्षी साधीच टोचली होती.
फेब्रुवारीत तो गेला.
चौपट असती तर...
हा हिशेब ती रोज मांडते,
अर्ध्यावर पुसते.

रात्री दंड ठणकतो,
दारावर कुणी मूठ आपटत राहावी तसा.
ती रेडिओ बंद करते
आणि आपल्याच देहाला
एगोनच्या घोगऱ्या आवाजात विचारते,
आलं का गं ऐकू?