पाऊणपट

या मोजपट्टीत शून्य नाही.
मेलेल्यालाही तीन गुण मिळतात:
डोळ्यांचा एक, बोलण्याचा एक, हातापायांचा एक.
निवृत्ती तांडेल, वय बावन्न: सहा.

एटीएमच्या गाडीवरचा पहारेकरी.
तुर्भ्याला उतरताना फळीवरून पाय निसटला
आणि बारा वर्षं खांद्यावर नुसती वागवलेली बंदूक
पहिल्यांदाच उडाली.
बाकीचे छर्रे गाडीच्या पत्र्यात,
एक डाव्या कानशिलातून आत,
मधली रेषा ओलांडून पलीकडे जाऊन बसलेला.
फिल्मवर तो पांढराशुभ्र दिसतो,
भोवती किरणं फुटलेली,
लहान मुलाने काढलेल्या सूर्यासारखा.

उजवी बाहुली टॉर्चला ओळख देत नाही.
डावी देते, उशिरा,
जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनासारखी.
तोंडात नळी, म्हणून बोलण्याच्या रकान्यात फक्त ‘टी’.
हे सगळं मोबाइलमध्ये भरलं. वय, रेषा, बाहुल्या, रक्तदाब.
आकडा आला: आठ टक्के.

ज्यांच्यावरून हा आठ निघाला
ती माणसं कुठल्या देशातली, कुठल्या भांडणातली,
मला ठाऊक नाही.
दिवाळ्याचा त्यात कुणी नसावा.

बाहेर बाकावर त्याची बहीण, चांगुणा.
बेलापूरच्या बाजारातून तशीच उठून आलेली,
पदराला खवले.
मी सांगितलं, आठ.
ती म्हणाली, “टक्के नको सांगू बाय.
भरतीला हाय का ओहोटीला, त्या सांग.”

मी लातूरची. समुद्र मला नोकरीत भेटला.
वाशीच्या या चौथ्या मजल्यावरून खाडी दिसत नाही,
रात्री नुसता वास येतो.
तिनेच शिकवलं: तिथीची पाऊणपट कर.
आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार.
साडेचारला पाणी भरणार.
“आन जीव जातो तो ओहोटीला. आमचा बापूस तसाच गेला.”
“कधी चुकत नाही?”
“पानी नय चुकत. मोजनारा चुकतो.”

फाइलमध्ये मी आधीच लिहिलं होतं: आशा कमी.
सरांनी फोनवर विचारलं होतं, उघडायचं का?
मी आठ म्हटलं. ते गप्प. मग म्हणाले, सकाळी बघू.
आकडा असा असतो. तो नुसता सांगत नाही,
थिएटरचा दिवाही तोच लावतो, नाहीतर विझवतो.
सकाळपर्यंत आठाचे पाच होतील
आणि आमचा अंदाज खरा ठरेल.

चार पस्तीस. नखावर पेन दाबलं.
दोन वाजता हात नुसता मागे ओढला होता त्याने.
आता दुसरा हात उचलला गेला,
पोटावरून सरकत आला,
माझ्या बोटांवर येऊन थांबला
आणि पेन ढकलू लागला.
जाड हात. अंगठ्याला जुन्या गळाचा व्रण.

हाताचे पाच. एकूण सात.
एका गुणाने आठाचे किती होतात
ते मी मोबाइलला विचारलं नाही.
सरांना फोन लावला.

‘आशा कमी’ खोडलं नाही, नियम तसा आहे.
खाली नवी ओळ: वेळ, सात, सही.
रिंग जात होती. चांगुणा दारात उभी,
आत यायला मनाई, म्हणून चपला हातात.
“काय म्हनतंय पानी?”
मी म्हटलं, “उभं आहे.”
तिने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं.
पलीकडून सर झोपेत म्हणाले, “बोल.”