उसनं अवसान

ग्युम्रीच्या जुन्या बाजारातून झावेनने
लॅपटॉप आणला. बिजागरी ढिली,
झाकणावर कुठल्याशा बँकेचं अर्धं स्टिकर,
दुकानदार म्हणाला, टायपिंगपुरता ठीक आहे.

रात्री त्याने त्याचं पोट उघडलं.
वायफायचं कार्ड उपटलं, त्याच खाचेत
चपटी केबल खुपसली;
केबलच्या दुसऱ्या टोकाला, पावाच्या ट्रेमध्ये,
कुणाच्या तरी मेलेल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड.
पॉवर सप्लायला जाग यावी म्हणून
वाकवलेली पेपरक्लिप.

पडदा काळा.
पुन्हा काळा.
मग पंखे भिरभिरले,
आणि कालपर्यंत ठोकळ्यांचा असलेल्या
त्याच्या डोंगरावर
गवत हललं.

"नेट गेलं की रे तुझं," शोघिक म्हणाली,
"दाखवणार कुणाला?"
तो गवताकडे बघत राहिला,
एकेक पातं वेगळं वाकत होतं.

बाहेर उणे अठरा.
खिडकीला आतून बर्फ धरलेलं.
आई उठून आली, कार्डामागच्या गरम वाऱ्यावर
तळहात धरून क्षणभर उभी राहिली.
काही न बोलता गेली,
बाबांचे ओले मोजे घेऊन आली.

"डाव्याला जरा वेळ लागेल," म्हणाली,
"इतक्यात बंद करू नकोस."