आठ नंबरचा पाना

शनिवारी दुपारी पायलटांच्या स्टँडवर गेलोच नाही.
गाडी अंगणात, हँडल जरा वळवून,
वरची डबी सपाट बसेल अशी.
पिवळ्या मडगार्डवर आधी ओलं फडकं टाकलं.
ब्रेकचं तेल रंग खातं,
आणि पिवळा रंग गेला तर मी कसला पायलट,
नुसता एक माणूस, मागची सीट रिकामी असलेला.

डबीचे दोन स्क्रू. एक सुटला, एकानं मान फिरवून घेतली.
आत पाहिलं तर
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा रंग.
तीन पावसाळे हवेतलं पाणी पीत बसलं होतं बिचारं.
अस्नोड्यात मीठ बरणीतच ओलं होतं,
तेलाला काय बोलणार.

म्हापशाहून आणलेली नळी, माशांच्या टाकीची,
पंधरा रुपयांची.
तिचं एक टोक निपलवर, दुसरं उर्राकाच्या रिकाम्या बाटलीत.
बाटलीवर लाल फुली,
कारण शेजारचा बाबलो दिसेल ते हुंगतो
आणि हुंगलेलं सोडत नाही.

उर्वी आली. बारावीचं पुस्तक पायरीवर पालथं.
दांडी तिच्या हातात, पाना माझ्या.

दाब.
धर.
पाना पाव फेरा. नळीत काळपट धार,
दांडी मुठीला टेकते.
पाना बंद.
सोड.

दाब.
धर.

मध्येच मी डबीत नवं तेल ओततो, तळ दिसायच्या आत.
मध्येच घाम डोळ्यात जातो
आणि मी सोड म्हणतो, पाना बंद करायच्या आधी.
नळीतलं काळं उलटं वर चढलं,
मागून हवा.
पुन्हा पहिल्यापासून.
तिची आई असती तर काहीतरी म्हणाली असती.
ही फक्त म्हणते,
‘द्रव दबत नाही, बाबा. हवा दबते.
म्हणून दांडी पोकळ लागते.’
सातवीत शाळा सोडली मी,
पण हे मला गुरुवारी कळलं होतं.

गुरुवारी शिरसईच्या उतरणीवर.
मागं एस्पेरांसा, मांडीवर चौरिसांची माळ,
जावयाची कथा ऐन रंगात.
समोर वळणावर खडीचा ट्रक,
आणि मी दांडी दाबतो तर
दांडी आली, हात हलवायला यावी तशी,
सहज, मुठीपर्यंत.
मागचा ब्रेक, डावा पाय जमिनीवर,
मग रस्त्याकडेचा लाल मातीचा ढीग.
गाडी थांबली.
‘इथं कशाला?’ ती म्हणाली.
‘चेन वाजते,’ मी म्हटलं,
आणि खाली वाकून वाजत नसलेली चेन
खूप वेळ बघत राहिलो.

दाब.
धर.
बुडबुडा चण्याएवढा. मग मोहरीएवढा.
मग बराच वेळ एकही नाही, मग एक, उगाच.

‘तुझ्या डाव्या चपलेची टाच कुठं गेली?’
मी नळीकडे बघतो.
नळी आता स्वच्छ, फिकट मधासारखी.
‘बाबा.’
पाना माझ्या हातातून ती काढून घेते,
माझ्या जागी उकिडवी बसते.
‘आता तू दाब.’
दाबतो.
‘धर.’
धरतो.
ती पाना फिरवतच नाही.
दांडी घट्ट, बोटं पांढरी,
ट्रकपासून सुरुवात करावी की चौरिसांपासून, कळत नाही.
चौरिसांपासून करतो.

सगळं सांगून होईपर्यंत
बाबलोच्या माडावर ऊन चढलेलं.
तिनं पाना फिरवला. काही आलं नाही, नुसतं तेल.
‘सोड.’

कॅलिपरवर तांब्याभर पाणी ओतलं,
सांडलेलं धुऊन गेलं.
रात्री जुन्या ट्यूबची पट्टी कापून
दांडी मुठीला बांधून ठेवली.
उरलीसुरली हवा आपोआप वर येते म्हणतात.

पहाटे पट्टी सोडली.
दांडी अर्ध्यावर येऊन थांबते, दगडासारखी.
फडकं काढायला विसरलो होतो,
मडगार्डवर एक थेंब तरी पोचलाच,
नखाएवढा पिवळा गेलेला.
दारात एस्पेरांसा, मिसाला जायच्या कपड्यांत,
जावयाची उरलेली कथा घेऊन.
पायऱ्यांवर माझी नवी चपल,
उर्वीच्या मापाची नव्हे, माझ्या.